शेठची उचल आणि विम्याचा हप्ता

आपल्याकडे दुकानात कामाला असलेल्या माणसाची ओळख मालकाच्या नावाने होते. 'तो अमुक शेठकडे आहे', 'ती तमुक भाभींच्या दुकानात आहे'. लग्न जमवताना, भाड्याने खोली घेताना, शाळेत फॉर्म भरताना हीच ओळख चालते. वीस-वीस वर्षं एकाच गादीवर काढलेली माणसं या नंदुरबारात आहेत. शेठच्या पोरांना त्यांनी कडेवर खेळवलेलं असतं. पण हाच माणूस आजारी पडला की तो नेमका कोणाचा, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर. आपल्या जिल्ह्यात मोठ्या कारखान्यांची नावं घ्यायची तर हाताची बोटंही पुरी लागत नाहीत. साखर कारखाने, नवापूरची औद्योगिक वसाहत, झालं. बाकी सगळा संसार चालतो तो छोट्या धंद्यांवर. कापडाची दुकानं, किराणा, मेडिकल, गॅरेज, पिठाची गिरणी, छापखाना, मंगल कार्यालय, टायरवाला, खासगी दवाखान्यातली पट्टी बांधणारी मुलगी. कुठे तीन माणसं, कुठे पाच, फार तर आठ. आणि हंगामात मिरचीच्या पथाऱ्या. लाल गालिचा अंथरल्यासारख्या दिसतात म्हणून बाहेरचे लोक फोटो काढून नेतात. त्या गालिच्यावर तोंडाला फडकं बांधून देठ खुडणाऱ्या बायकांचा खोकला काही फोटोत येत नाही.

आमच्या बचत गटातली एक जण कापडाच्या दुकानात आहे, तेरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला डेंग्यू झाला. रात्री अकरा वाजता त्याची तब्येत एकदम बिघडली, रिक्षावाल्याने जवळचं रुग्णालय गाठलं. चार दिवसांचं बिल झालं ३८ हजार. सरकारी योजनेचं कार्ड घरात होतं, पण ते रुग्णालय त्या योजनेत नव्हतं. रात्री अकराला यादी कोण बघत बसणार? शेठ माणूस चांगला. एका शब्दावर २५ हजारांची उचल दिली, व्याज नाही, लिखापढी नाही. महिन्याला दोन हजार पगारातून कापायचे ठरले. म्हणजे पुरतं वर्ष आणि वर एक महिना. त्या वर्षात तिने पगारवाढ मागितली नाही, दिवाळीत बोनस कमी आला तरी ती गप्प राहिली, आणि शेजारच्या नव्या दुकानातून जास्त पगाराचं बोलावणं आलं तेव्हा तिला नाही म्हणावं लागलं. कसं जाणार? उचल फिटायची होती ना!

मला इथे शेठला दोष द्यायचा नाही. त्याने जे केलं ते आपल्या गावातली रीत पाळून केलं, आणि अनेक जण एवढंही करत नाहीत. पण उचल म्हणजे विमा नव्हे. उचलीत आजाराचा सगळा भार शेवटी आजाऱ्याच्याच डोक्यावर येतो, फक्त हप्त्याहप्त्याने. वर उपकाराचं ओझं वेगळंच.

"पण ताई, आता तर सगळ्यांनाच फुकट आहे ना?" असं मला हमखास विचारलं जातं. खरं आहे, बरंच झालं आहे. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तेव्हा दारिद्र्यरेषेखालच्या पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं संरक्षण होतं, नोंदणीचे फक्त ३० रुपये. २०१२ च्या जुलैत राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली ती आठ जिल्ह्यांत. त्यात धुळे होतं, आपण नव्हतो. आपल्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. आणि १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात रेशनकार्डाचा रंग न बघता सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस यांसाठी या योजनेने माणसं वाचवली आहेत. मी स्वतः काहींना आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत पोहोचवलं आहे.

पण योजना चालते ती यादीतल्या उपचारांना, यादीतल्या रुग्णालयात, आणि तीही भरती झाल्यावर. महिनोन्‌महिने घ्यायची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, मणक्याचा दुखरा भाग, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, यांचा खर्च खिशातूनच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बुडालेली रोजी. पथारीवर काम करणारी एक आजी मला म्हणाली, "ताई, कार्ड तं शे, पन पगार कोन दी?" खरंच, कोण देणार?

या प्रश्नाला सरकारने एकदा फार चांगलं उत्तर दिलेलं आहे, स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. त्याचा हिशेब एकदा नीट बघा. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असा दर ठरला. दहा हजार पगार असेल तर कामगाराचे ७५ रुपये, मालकाचे ३२५. एकूण चारशे. त्यात कामगार, त्याची बायको किंवा तिचा नवरा, मुलं, अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांचा उपचार, बाहेरची तपासणी आणि औषधंसुद्धा. उपचाराच्या खर्चाला कमाल मर्यादा नाही. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. बाळंतपणाची २६ आठवडे भरपगारी रजा. चारशे रुपयांत एवढं देणारी पॉलिसी कोणता एजंट आणून दाखवेल?

अडचण कुठे आहे, तर दाराशी. हा कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. तोही आधी फक्त अधिसूचित भागांत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, त्यात हा अधिसूचित भागांचा अडसर काढला आहे. आणि दहापेक्षा कमी माणसं असतील तर मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असल्यास आपणहून त्यात येण्याची सोयही आहे. म्हणजे आपल्या पाच माणसांच्या साडीच्या दुकानालासुद्धा आता दार किलकिलं झालं आहे. मात्र हंगामी कारखाने पूर्वीही बाहेर होते, आताही बाहेरच. पथारीवरच्या बायकांना त्यात जागा मिळणं कठीणच. आणि दुसरं, वर्गणी कापून घ्यायची तर दवाखाना हवा. शहाद्याच्या माणसाला दर महिन्याच्या गोळ्यांसाठी धुळ्याला किंवा नाशिकला जायला सांगणार असाल तर त्याचे ७५ रुपये एसटीच्या तिकिटातच गेले म्हणा. नोंदणी करा असं व्यापाऱ्यांना सांगताना तालुक्याच्या गावी एखाद्या दवाखान्याशी करार करणं, हे महामंडळाचं काम आहे. ते कामगाराने मागून घ्यायचं नसतं.

मी काही दुकानदारांशी बोलले. पहिलं उत्तर, "परवडत नाही." ते मी खरं धरते, कारण ऑनलाइन खरेदीने आणि सुरतच्या बाजाराने छोट्या दुकानांचं काय केलं आहे ते आपण बघतोच. दुसरं उत्तर, "माणूस टिकत नाही, आज आहे उद्या नाही." आता बघा, टिकत नाही म्हणून काही द्यायचं नाही, आणि काही मिळत नाही म्हणून तो टिकत नाही! तिसरं उत्तर मात्र चहा संपल्यावर, जरा हळू आवाजात येतं. "ताई, नाव एकदा कागदावर आलं की सगळंच कागदावर येतं." म्हणजे खरा पगार, कामाचे तास, किमान वेतन. माझ्या मते विमा अडतो तो हप्त्यापायी कमी आणि या नोंदीच्या भीतीपायी जास्त. त्याबद्दल आपल्या पेपरांत कुणी लिहीत नाही, कारण जाहिराती कुणाच्या असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मग खासगी पॉलिसी घ्यावी का? एकट्याने घ्यायची तर आरोग्य संजीवनी नावाची एक ठरावीक नमुन्याची पॉलिसी एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागली. ती समजायला सोपी आहे, पण त्यात प्रत्येक दाव्याचे पाच टक्के आपण भरायचे. शिवाय आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ असतो, तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. आपल्या जिल्ह्यात हे फार लागतं, कारण इथे सिकलसेल आहे. ज्या पोराला दर दोन-तीन महिन्यांनी सांधे धरून रडावं लागतं, त्याच्या आईला 'तीन वर्षं थांबा' म्हणणं म्हणजे काय, ते त्या घरी एक रात्र काढल्याशिवाय कळणार नाही. गटाने घेतलेल्या पॉलिसीत ही अट बोलणी करून काढून घेता येते. पहिल्या दिवसापासून जुने आजार धरले जातात. माणसं जास्त असली की कंपनी ऐकते. पाच माणसांचं दुकान एकटं गेलं तर कंपनी त्याला गटच मानत नाही, साधारण सात डोकी तरी लागतात.

इथे सरकारचा एक निर्णय मला अजिबात पटलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण काढून टाकला. उत्तम केलं. पण गटाच्या विम्यावर तो १८ टक्के तसाच ठेवला. ज्याला स्वतःची पॉलिसी परवडते त्याचा कर माफ, आणि जो मालक आपल्या सात कामगारांसाठी एकत्र काढायला निघाला त्याला कर! म्हणे मोठ्या कंपन्या गटाचा विमा घेतात. अहो, त्यांच्याकडून जरूर घ्या. पण एकवीस हजारांच्या आत पगार असलेल्यांच्या गटाला सूट द्यायला काय हरकत होती? ईएसआयसाठी ही पगाराची रेघ २०१७ मध्ये सरकारनेच तर आखली होती.

मैत्रिणींनो, विमा हा शब्द ऐकला की आपल्याला एजंट, बारीक अक्षरं आणि फसवणूक आठवते. पण त्याच्या मुळाशी जी कल्पना आहे ती आपल्याला नवी नाही. आपण भिशी लावतो. विमा ही अशी भिशी, ज्यात आपला नंबर लागू नये असं प्रत्येकीला वाटतं. आणि भिशी एकटीने लावता येत नाही.

आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवणारी माणसं आहेत. वर्ध्याजवळ सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. तिथे डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकात गावकऱ्यांसाठी आरोग्य विमा उभा केला आणि त्याचा हप्ता घेतला तो ज्वारीत! सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य असतं, हातात पैसा नसला तरी ज्वारी असते. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, भूमिहीनाने कमी. आणि एक अट अशी की, गावातली साधारण पाऊण घरं आली तरच योजना त्या गावात. एवढी अट का? कारण नाहीतर फक्त आजारी माणसंच वर्गणी भरतात आणि भिशी बुडते. सगळे आले की हप्ता खाली येतो. मला या योजनेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हप्ता मागण्याची वेळ. गरिबाकडे वर्षात एकदा चार पैसे येतात, तेव्हाच मागा. आपल्याकडे मिरचीचा आणि लग्नसराईचा हंगाम असताना दुकानदाराकडून आणि कामगाराकडून आषाढात कशाला मागायचे?

पुण्यात अन्नपूर्णा परिवाराच्या डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी झोपडपट्टीतल्या, भाजी विकणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांचा आरोग्य निधी २००३ पासून चालवला. निधी त्यांचाच. शेजारी कर्नाटकात त्याच वर्षी सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना निघाली. महिन्याला पाच रुपये, वर्षाचे साठ. मध्ये ती २०१८ ला दुसऱ्या योजनेत विरून गेली, पण लोकांनी मागणी लावून धरली आणि २०२२ ला ती परत आणावी लागली.

आणि ज्याला 'छोट्या मालकांचं एकत्र येणं जमणार नाही' असं वाटतं, त्याने माथाडी कायदा बघावा. १९६९ चा, आपल्या महाराष्ट्राचा. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. त्याचा मालक कोण हेच ठरत नाही. तेव्हा अण्णासाहेब पाटील आणि इतरांच्या लढ्यातून तोडगा निघाला की प्रत्येक व्यापाऱ्याने मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधोपचार बघायचा. एकेका व्यापाऱ्याला जे पेललं नसतं ते मंडळाने पेललं. पथारीवरच्या हंगामी बायकांसाठीही मला हाच रस्ता दिसतो. गोणीमागे किंवा क्विंटलमागे काही पैसे बाजार समितीच्या पावतीतच धरले, तर कोणत्या शेठने किती दिले याची भानगड उरत नाही.

दुकानांसाठी आपल्या गावापुरता एक कच्चा हिशेब मांडते. समजा शहरातली ६० दुकानं एकत्र आली, प्रत्येकात सरासरी पाच माणसं, म्हणजे ३०० कुटुंबं. समजा गटाच्या पॉलिसीचा हप्ता कुटुंबाला वर्षाला सहा हजार ठरला. वर १८ टक्के कर, म्हणजे ७,०८०. त्यातले पाच हजार मालकाने दिले तर कामगाराला महिन्याला पावणेदोनशेच्या आत पडतं. मालकाला पाच माणसांचे वर्षाला २५ हजार. हे पैसे रोख न देता बँकेतून भरले तर धंद्याच्या खर्चात धरता येतात, हे आपल्या सीएला विचारून घ्या. आणि नुसता कर बघा, ३०० कुटुंबांमागे ३ लाख २४ हजार! तेवढ्यात एका वर्षभर बाहेरच्या औषधांसाठी वेगळा निधी उभा राहील. व्यापारी संघटना आधीपासून आहे, तिचे सभासद आहेत, सभा होतात. फक्त विमा काढण्यासाठी जमवलेला गट नियमात बसत नाही, म्हणून आधीपासूनची संघटनाच उपयोगी. गणपतीची वर्गणी गोळा करणारी तीच माणसं हे करू शकतील.

यात बायकांचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. आपल्या पुरवणीच्या किती वाचक दुकानदारांच्या घरातल्या आहेत, माहीत आहे? कामगाराची बायको पहिल्यांदा येते ती भाभींकडे, मागच्या दाराने. "भाभी, शेठला जरा सांगा ना." उचलीचा निम्मा निर्णय स्वयंपाकघरात होतो. त्याच स्वयंपाकघरात विम्याचाही होऊ शकतो. आणि आपण गृहिणी म्हणवणाऱ्यासुद्धा मालक आहोतच की. धुणं-भांडी करणाऱ्या ताईला आपण पगार देतो. घरेलू कामगारांसाठी २००८ मध्ये कायदा झाला, मंडळ झालं. तिची तिथे नोंद आहे का, तिचं आयुष्मान कार्ड निघालं आहे का, हे तिला विचारायला पाच मिनिटं लागतात.

संघटनेची सभा घ्यायची तर दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी घ्यावी. पॉलिसी घेताना चार गोष्टी मराठीत लिहून मागाव्यात. नंदुरबार, शहादा आणि धुळ्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत, सीमेपलीकडे सुरतेत ती चालेल का, सिकलसेल आणि बाळंतपण पहिल्या दिवसापासून धरलं आहे का, आणि माणूस एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेला तर त्याचं नाव चालू राहील का. शेवटचा मुद्दा सोडू नका. त्यावर शेठ लोक थोडे कुरकुरतील.